मालकाला बरं वाटतंय का?



जपानात दर तीन महिन्यांनी एक कार्यक्रम होतो. तिथली बँक ऑफ जपान, म्हणजे आपल्याकडे जशी रिझर्व्ह बँक, देशातल्या सुमारे नऊ हजार कंपन्यांना एक कागद पाठवते. कागदावर बरेच प्रश्न असतात, पण सगळ्यांचं लक्ष एकाच प्रश्नावर. धंद्याची हालत कशी आहे? बरी, फारशी बरी नाही, की वाईट? मालक टिकमार्क करतो. मग बँक हिशेब करते. शंभरातले किती 'बरी' म्हणाले, त्यातून 'वाईट' म्हणणारे वजा करायचे. मधले 'फारशी बरी नाही'वाले हिशेबातच नाहीत. चाळीस बरे, पंधरा वाईट, तर आकडा अधिक पंचवीस. झालं. याला म्हणतात टँकान. १९५७ सालापासून बँक असा कागद पाठवत आली आणि १९७४ पासून देशभरच्या मोठ्या-लहान कंपन्यांना पाठवते. सकाळी आठ पन्नासला आकडा बाहेर येतो, शेअर बाजार उघडायच्या दहा मिनिटं आधी. मंत्री वाचतात, सटोडिये वाचतात, न्यूयॉर्कात वाचतात. सगळ्यात जास्त मान एकाच आकड्याला : मोठ्या कारखानदारांच्या विश्वासाला.

अख्खा देश दर तीन महिन्यांनी मालकाच्या कपाळाला हात लावून बघतो, ताप आहे का म्हणून.

मला या कागदाचं हसू येत नाही. मला त्याचा राग येतो, आणि राग का येतो ते सांगायला हा लेख.

पहिली गोष्ट. हा कागद कुणाला जातो? ज्या कंपनीचं भांडवल दोन कोटी येन किंवा त्याच्या वर आहे तिलाच. टँकानच्या भाषेतली 'लहान' कंपनी म्हंजे दोन कोटी ते दहा कोटी येनवाली. शंभर कोटींच्या वर ती मोठी. दोन कोटींच्या खाली जे आहेत, नवरा-बायको-दोन पोरं मिळून बुटाचे तळवे शिवणारे, चामडं कमावणारे, मोटारीचा एखादा फुटकळ भाग ठोकणारे, त्यांना कुणी विचारत नाही तुमचं कसं चाललंय म्हणून. ते मोजणीतच नाहीत. आणि कामगार? तो तर कुठल्याच रकान्यात नाही. तुझा तुझ्या मालकावर विश्वास आहे का, हा प्रश्न जगातल्या कुठल्याच मध्यवर्ती बँकेने अजून छापलेला नाही.

दुसरी गोष्ट. मालकाचा विश्वास एवढा नाजूक का? कारण जपान हा आयात-निर्यातीवर तगलेला देश. तेल जवळजवळ सगळं बाहेरचं. लोखंडाचं खनिज बाहेरचं. बाहेरून कच्चा माल आणायचा, त्याची मोटार करायची, टीव्ही करायचा, यंत्र करायचं आणि अमेरिकेला, चीनला विकायचं. त्यामुळे टोकियोच्या कारखानदाराची झोप वॉशिंग्टनच्या हातात. १९७१ साली निक्सनने डॉलरचं सोन्याशी लग्न मोडलं आणि ३६० येनचा डॉलर वर्ष संपायच्या आत ३०८ चा झाला. २२ सप्टेंबर १९८५ ला न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांचे अर्थमंत्री बसले. तेव्हा डॉलर २४० येनच्या आसपास होता, वर्षभरात दीडशे-एकशे साठच्या घरात आला. येन महाग म्हंजे जपानी माल महाग. मालकाचा विश्वास घसरला. यात काही खोटं नाही. कारखानदाराची भीती खरी आहे.

पण भ्याल्यावर तो काय करतो? तो भीती खाली ढकलतो. वर ठोका बसला की तो स्वतःच्या अंगावर घेत नाही. मोठी कंपनी पहिल्या फळीच्या पुरवठादाराचा दर कापते, तो दुसऱ्या फळीचा कापतो, तो तिसऱ्या फळीचा, आणि शेवटी जो बसलाय त्याच्या खाली कुणीच नसतं. आपल्याला हे नवीन नाही. गावात पाऊस नाही झाला तर पाटलाचं काय कमी होतं आणि आपल्या वस्तीचं काय कमी होतं, ते आपल्या आज्यांना विचारा.

जपानात शेवटच्या पायरीवर कोण बसलंय? तिथेही आपली माणसं आहेत. आपण त्यांना ओळखत नाही एवढंच. त्यांना बुराकु म्हणतात.

बुराकु म्हणजे नुसती वस्ती, वाडी. पूर्वी त्यांना 'एता' म्हणत. लिहिताना त्याची अक्षरं अशी की अर्थ होतो भरपूर विटाळ. आणि दुसरे होते 'हिनिन', म्हणजे माणूस नसलेले. मेलेलं जनावर ओढणं, कातडं सोलणं, चामडं कमावणं, ढोल मढवणं, फाशीच्या जागेची कामं, पहारा. वाचताना कुणाला महारवाडा, मांगवाडा, ढोरवाडा दिसला नाही तर त्याने डोळे तपासून घ्यावेत. तोंडाचा रंग तोच, भाषा तीच, बुद्धही तोच. तरी गावकुसाबाहेर.

१८७१ साली सरकारने फर्मान काढलं : एता-हिनिन ही नावं रद्द, आजपासून सगळे सारखे. पुढच्याच वर्षी कुटुंबांची नोंदवही केली आणि कित्येक ठिकाणी कारकुनाने यांच्या नावापुढे 'नवे सामान्यजन' असं लिहून ठेवलं. म्हणजे ओळखता यावं! ही नोंदवही कुणालाही बघता येत होती. ती बंद झाली १९६८ साली. १८७३ मध्ये मिमासाका भागात चिडलेल्या शेतकऱ्यांनी बुराकु वस्त्या जाळल्या, माणसं मारली. फर्मान सरकारचं, राख आपल्या घराची. मराठवाड्यात नामांतराच्या वेळी १९७८ ला जे झालं ते बघितलेल्यांना जास्त सांगायला नको. आणि त्या फर्मानाने एक काम चोख केलं. चामड्याच्या धंद्यावरचा बुराकुंचा जुना हक्क गेला आणि बाहेरचं भांडवल आत आलं. विटाळ राहिला, धंदा गेला.

३ मार्च १९२२ ला क्योतोत या लोकांनी स्वतःची संघटना उभी केली. सुइहेइशा तिचं नाव, म्हणजे सगळं समपातळीत आणणारे. झेंडा काळा, त्यावर लाल काटेरी मुकुट. आमच्या बापाने महाडला तळ्याचं पाणी हातात घेतलं ते २० मार्च १९२७ ला. पाच वर्षांचं अंतर. एका समुद्रापलीकडे दोन वस्त्या एकाच वेळी उठत होत्या आणि एकमेकींना ठाऊक नव्हतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. कारखानदारांचा विश्वास.

जपानात पूर्वी कंपन्या नोकरीच्या अर्जाचा कागद स्वतःच छापत. त्यात विचारत, बाप काय करतो, घर स्वतःचं का, जमीन किती, धर्म कुठला. बुराकु चळवळीने आणि शाळेतल्या मास्तरांनी भांडून भांडून १९७३ साली शाळा सोडणाऱ्या पोरांसाठी देशभर एकच अर्ज करवून घेतला. असले प्रश्न बंद. मालकांची पंचाईत झाली. समोर बसलेलं पोरगं कुठलं, कळायचं कसं?

नोव्हेंबर १९७५ मध्ये ओसाकातल्या बुराकु मुक्ती संघटनेकडे एक निनावी पत्र आलं. एक पुस्तक गुपचूप विकलं जातंय. पुस्तक म्हणजे यादी. देशभरातल्या सुमारे ५,३०० बुराकु वस्त्यांची नावं, पत्ता, घरं किती, मुख्य धंदा काय. असल्या याद्या एक नाही, मागाहून आणखी सापडत गेल्या. गिऱ्हाईक कोण? दोनशेच्या वर कंपन्या. फाटक्या कंपन्या नव्हेत. मोठे कारखाने, बँका, नाव घेतल्यावर आपल्याकडची पोरं ज्यांचं मशीन घरात आलं की पेढे वाटतात असले. पोराचा अर्ज आला की पत्ता बघायचा, यादी उघडायची, बोट फिरवायचं. सापडलं गाव? अर्ज बाजूला.

म्हणजे बघा. ज्या थरातल्या कंपन्यांना सरकारी बँक अदबीने विचारते, 'साहेब, तुम्हाला पुढच्या तीन महिन्यांबद्दल विश्वास वाटतो का', त्याच थरातल्या कंपन्या पैसे मोजून यादी विकत घेत होत्या, अठरा वर्षाच्या पोरावर विश्वास ठेवायचा का नाही ते ठरवायला. येनचा भाव कळत नव्हता, तेलाचा भाव कळत नव्हता, अमेरिकेच्या मनात काय ते कळत नव्हतं. एक गोष्ट मात्र पक्की ठाऊक होती की या गावचं पोरगं नको. या विश्वासाचा आकडा टँकानमध्ये कधी छापला नाही. तो कधी घसरलाही नसता.

(मी इथे एकाही वस्तीचं नाव लिहीत नाही, हे लक्षात आलं असेल. चामड्याच्या गावांची नावं मला ठाऊक आहेत. पण नाव छापणं हेच जिथे हत्यार आहे तिथे आपण ते हत्यार उचलायचं नाही.)

हे वाचलं तेव्हा मला माझी एक मुलाखत आठवली. डिप्लोमा झाला होता, फर्स्ट क्लास. एका एमआयडीसीतली कंपनी, माल जर्मनीला जायचा, दारात परदेशी झेंडे. आत तिघं बसलेले. कागद बघितले. एकाने मायक्रोमीटरवर एक प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं. मग दुसरा हसून म्हणाला, आडनावावरून अंदाज येत नाही हो तुमचा. गाव कुठलं? सांगितलं. म्हणाला, अरे वा, आमची पावणेमंडळी आहेत तिथं. घर कुठल्या अंगाला तुमचं? वेशीच्या आत का नदीच्या अंगाला? मी म्हणालो, नदीच्या. तो म्हणाला, छान, कळवू. त्याच्याकडे यादी नव्हती. त्याला यादीची गरजच नव्हती. आपल्याकडे प्रत्येक सवर्णाच्या डोक्यात ती छापलेली असते, फुकट.

परत जपान.

१९८५ च्या कायद्याने ठेकेदारामार्फत माणूस पुरवायला परवानगी मिळाली, 'हाकेन' म्हणतात त्याला. आधी कारखान्यात हे चालत नव्हतं, २००४ पासून तेही मोकळं झालं. मोटारीच्या, इलेक्ट्रॉनिकच्या कारखान्यांत हाकेनवाले भरले गेले. राहायला कंपनीची खोली, आज काम उद्या नाही. शिवाय ब्राझीलहून आणलेले जपानी वंशाचे कामगार होतेच, त्यांच्यासाठी १९९० ला व्हिसाचा कायदा सैल केला होता. मालकाचा विश्वास वाढत होता. का नाही वाढणार! कधीही तोडता येईल असा हात मिळाला की कुणालाही विश्वास येतो.

मग २००८ ची मंदी. अमेरिकेने मोटारी घेणं थांबवलं. फेब्रुवारी २००९ मध्ये जपानची निर्यात आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीपेक्षा ४९.४ टक्क्यांनी पडली. अर्धी! १ एप्रिल २००९ ला सकाळी आठ पन्नासला टँकान आला : मोठे कारखानदार, वजा ५८. मोजणी सुरू झाल्यापासूनचा नीचांक. जगभरच्या पेपरांत मथळे, बिचाऱ्या मालकांचा विश्वास कोसळला.

त्याच्या तीन महिने आधी काय झालं होतं? हाकेनवाल्यांना घाऊक काढलं होतं. काम गेलं त्या दिवशी खोलीही गेली, कारण खोली कंपनीची. ३१ डिसेंबर २००८ ला टोकियोच्या हिबिया बागेत काही संघटनांनी तंबू ठोकले. कडाक्याच्या थंडीत सुमारे पाचशे माणसं आली. कालपर्यंत मोटारी जोडणारी माणसं, हातात एक पिशवी. बाग कामगार मंत्रालयाच्या समोरच. २ जानेवारीच्या रात्री मंत्रालयाला आपलं सभागृह उघडावं लागलं. आणि सरकारातलाच एक संसदीय सचिव जाहीर बोलला की ही माणसं खरंच मनापासून काम करू इच्छिणारी आहेत का, याची त्याला शंका वाटते. बोंबाबोंब झाल्यावर शब्द मागे घेतले, माफी मागितली. पण बोलला ते बोलला. मालकाचा विश्वास गेला तर तो जागतिक परिस्थितीचा दोष. मजुराची भाकरी गेली तर तो आळशी.

त्याच एप्रिलात ब्राझीलवाल्यांना सरकारने सांगितलं, माणशी तीन लाख येन घ्या, बायकापोरांचे दोन-दोन लाख घ्या आणि घरी जा. अट एकच, त्याच व्हिसावर परत येऊ नका. वीस हजारांहून जास्त माणसं गेली. मालकाचा ताप उतरवायला मजुराला बोटीत... नाही, विमानात बसवलं. एवढी सुधारणा.

आणि पारा? पारा चढला परत. जूनमध्ये वजा ४८ झाला, पुढे आणखी वर. विश्वास बरा झाला. ज्यांच्या अंगावर तो बरा झाला त्यांचा आकडा कुठंय?

चामड्याचं एक प्रकरण सांगतो, कारण त्यात आपल्यालाही बोचणारं काही आहे. जपानने बाहेरच्या चामड्यावर कोटा लावला होता. अमेरिका गॅटमध्ये गेली. जपान सरकारने तिथे बाजू मांडली की हा धंदा ज्या समाजाचा आहे त्याच्यावर शेकडो वर्षं अन्याय झालाय, कोटा उठवला तर हे लोक मरतील. या एका वेळी तरी सरकार त्यांचं नाव घेऊन उभं राहिलं, ते नाकारायचं नाही. १९८४ ला गॅटच्या पंचांनी निकाल दिला : करारात असल्या कारणाला जागा नाही. १९८६ पासून कोट्याच्या जागी चढ्या जकातीची व्यवस्था आली. तेव्हा जपानच्या मोटारींवरून अमेरिकेशी केवढी खडाखडी चालू होती! १९८१ पासून जपान स्वतःहून अमेरिकेला जाणाऱ्या मोटारींवर मर्यादा घालत होता, पहिल्या वर्षी १६ लाख ८० हजार. एवढ्या मोठ्या देवघेवीत बुराकुंच्या चपला-बुटाचं वजन किती? अन्याय हा शब्द जगाच्या व्यापाराच्या वहीत नाही, हे तिथे लेखी झालं.

आणि बोचणारं ते हे. तो कोटा सगळ्याच देशांच्या चामड्याला होता. म्हणजे आपल्या कानपूरच्या कमावणाऱ्यालाही. तिथल्या अस्पृश्याची भाकर वाचवायला उभी केलेली भिंत इथल्या अस्पृश्याच्या मालासमोर. यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. पण दोघांनाही आपापल्या देशातल्या इतर कारखान्यांत सरळ नोकरी मिळाली असती तर दोघांवरही चामड्याला चिकटून एकमेकांची भाकर ओढायची पाळी आली नसती, एवढं मला दिसतं.

अलीकडचं ऐका. मार्च २०२४ मध्ये तिथल्या स्पर्धा आयोगाने निस्सान कंपनीला ठपका दिला. ३६ पुरवठादारांच्या ठरलेल्या पैशातून सुमारे तीनशे कोटी येन कापले म्हणून. एप्रिल २०२५ ला ट्रम्पने जपानी मोटारींवर २५ टक्के जादा जकात लावली. वाटलं, आता पारा धाडकन पडणार. जूनच्या टँकानमध्ये मोठ्या कारखानदारांचा आकडा बारावरून तेरा! वाढला. अर्थशास्त्री म्हणाले मालक कणखर आहे. मला निस्सानचे ते ३६ पुरवठादार आठवले. आणि १ जानेवारी २०२६ पासून तिथल्या कायद्यातून 'शिताउके' हा शब्द काढलाय, म्हणजे खालून काम घेणारा, पोटठेकेदार. शब्द अपमानास्पद वाटतो म्हणून. त्या कायद्यात चांगली कलमंही आहेत, दर ठरवताना लहानाशी बोलावं लागेल वगैरे. पण नाव बदलण्याचा उत्साह आपल्याला परिचयाचा आहे. एताचे नवे सामान्यजन, अस्पृश्यांचे हरिजन.

आता कुणी म्हणेल, जपानचं जपानपाशी, तुम्हाला काय त्याचं. आपल्याकडेही रिझर्व्ह बँक दर तीन महिन्यांनी कारखानदारांना विचारते बरं, मागणी कशी, नफा कसा, पुढे काय वाटतं. आणि इथल्या मालकांचा विश्वास कशाने डळमळतो तेही ठाऊक आहे. २००६ साली खाजगी क्षेत्रात राखीव जागांची नुसती चर्चा निघाली तर सीआयआय आणि असोचेमने समिती बसवली आणि सांगितलं, कायदा नको, आम्ही आपखुशीने काय ते करू. जागतिक स्पर्धेत टिकायचंय, गुणवत्ता हवी. बरं. २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास आला. ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले, शिक्षण सारखं, फरक फक्त आडनावाचा. सवर्ण आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता दोन तृतीयांश. कागदावर गुणवत्ता तीच होती, साहेब. आडनाव दुसरं होतं.

जपानमधल्या पोरांनी यादीविरुद्ध चळवळ केली तेव्हा कंपन्यांना एकेक करून समोर बोलावून जाब विचारला. कबुल्या घेतल्या. १९८५ ला ओसाका प्रांतात असल्या चौकशांना आळा घालणारा नियम झाला. २०१६ मध्ये कुणीतरी १९३६ च्या जुन्या सरकारी पाहणीतली यादी परत छापायला काढली, तर माणसं कोर्टात गेली. २०२१ ला टोकियोच्या कोर्टाने आणि २०२३ ला वरच्या कोर्टाने ती रोखली. पन्नास वर्षं झाली, यादी मरत नाही. पण तेही थांबत नाहीत. २००१ साली डरबनच्या परिषदेत हे बुराकु आणि आपले लोक एका बाजूला होते. जात हा विषयच तिथे नको म्हणणारं आपलं सरकार दुसऱ्या बाजूला.

तेव्हा आपणही आपली मोजणी करू. ज्या ज्या पोरापोरींनी गेल्या पाच वर्षांत कारखान्यात, कंपनीत, ठेकेदाराकडे अर्ज केला त्यांनी एक पोस्टकार्ड टाका. अर्जावर काय विचारलं? मुलाखतीत काय विचारलं? आडनाव किती वेळा, गाव किती वेळा, घर कुठल्या अंगाला ते किती वेळा? जेवणाचा डबा कुठं बसून खाल, हे कुणी विचारलं का? कायम किती झालात, ठेक्यावर किती? कंपनीचं नाव आत्ता लिहू नका, ते आपण समोरासमोर बसून लिहू. शेवटी एकच प्रश्न, तीन खुणांपैकी एक करायची : तुमच्या मालकावर तुमचा विश्वास आहे, फारसा नाही, अजिबात नाही. मधल्या खुणासुद्धा आपण मोजणार आहोत.